नदीकाठ आणि उन्हाळी हॉटेले : उमरखेडच्या निमित्ताने एक विचार

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पैनगंगेच्या खोऱ्यात उमरखेड हे तालुक्याचे गाव आहे. नदी जवळ आहे. माहूरसारखे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र फार लांब नाही. पावसाळ्यात यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर सहस्रकुंडाचा धबधबा पाहावयास लोक येतात. युरोपात अशा स्थळी उन्हाळी हॉटेलांची रांग उभी राहिली असती. ऱ्हाइन नदीवर १८२७ पासून आगबोटींची नियमित वाहतूक सुरू झाली आणि तिच्या काठची लहान गावे उन्हाळी प्रवाशांच्या वास्तव्यावर भरभराटीस आली. पैनगंगेच्या काठी तसे का घडले नाही, या प्रश्नाचा विचार केला असता आपल्याकडील आतिथ्याच्या इतिहासावर बराच प्रकाश पडतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत 'हॉटेल' म्हटले की बहुधा चहा-भजी मिळण्याचे ठिकाण डोळ्यांपुढे येते. राहण्याच्या सोयीला आपण 'लॉज' म्हणतो आणि नियमित जेवणाच्या सोयीला 'खाणावळ'. एका इंग्रजी शब्दातील अर्थ मराठीत असा तीन ठिकाणी वाटला गेला, याचे कारण ही कामे आपल्याकडे पूर्वीपासून निरनिराळ्या संस्थांकडे होती. मुक्कामासाठी धर्मशाळा, तहानेसाठी पाणपोई, अन्नासाठी अन्नछत्र अथवा ओळखीचे घर, आणि सरकारी अंमलदारांसाठी डाकबंगला. ब्रिटिश अमदानीत १८६७ च्या सराई-कायद्याने सरायांची नोंदणी आवश्यक केली आणि त्यांच्या खोल्या, विहिरी व तळी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी चालकावर टाकली. तथापि या सर्व सोयी वाटसरूसाठी होत्या; केवळ हवा पालटण्यासाठी महिना-दोन महिने राहणारा पाहुणा त्यांच्या कल्पनेत नव्हता.

दुसरे कारण नदीच्या स्वभावात आहे. हिमाच्छादित पर्वतांतून निघालेल्या नदीला उन्हाळ्यात बर्फाचे पाणी मिळते. दख्खनच्या पठारावरील नद्या मोसमी पावसावर जगतात. आषाढ-श्रावणात दुथडी वाहणारी नदी वैशाखात बारीक धारेवर येते, कोठे तर डोहापुरतीच उरते. विदर्भ-मराठवाड्यातील नद्यांच्या कोरड्या वाळूत मग टरबूज-डांगरांच्या वाड्या लागतात आणि बायका झिरे उकरून घागरी भरतात. म्हणजे ज्या ऋतूत पाहुण्याने यावयाचे, त्याच ऋतूत नदी त्याला देण्याजोगे फारसे काही राखीत नाही. आपल्या नदीकाठची गर्दी म्हणूनच ऋतूवर बेतलेली नसून पर्वावर बेतलेली आहे.

याचे उत्तम उदाहरण कृष्णेच्या काठी पाहावयास मिळते. वाई येथे रास्ते घराण्याने देवळे उभारली; जवळच मेणवलीस नाना फडणीसांनी वाडा व घाट बांधला. येथे येणारा मनुष्य स्नान, दर्शन आणि उत्सव यांसाठी येई. त्याच कृष्णेचा उगम महाबळेश्वरी आहे. पण तेथे १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी साताऱ्याच्या महाराजांशी प्रदेशाची अदलाबदल करून माल्कमपेठ वसविली. एकाच नदीच्या उगमाशी साहेबांचे बंगले व पुढे हॉटेले, तर काही कोसांवर पायथ्याशी घाट व धर्मशाळा, असे दोन भिन्न संसार उभे राहिले. उन्हाळी हॉटेल हे नदीचे अपत्य नसून उंचीचे अपत्य आहे, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु उंची एकटी पुरेशी नसते. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेस आले. मुंबईची धनिक वस्ती हाकेच्या अंतरावर होती, आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर पोचली. उंची, आगगाडी व सधन गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा तेथील हॉटेलांचा धंदा स्थिरावला. वऱ्हाडात १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन याच्या नजरेस आलेले चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर असूनही फार वाढले नाही. मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीस जाई, आणि १९०३ पासून वऱ्हाडही त्याच कारभारात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर पचमढी मध्य प्रदेशात राहिली आणि विदर्भाला थंड हवेसाठी आपल्या हद्दीत मुख्यत्वे चिखलदराच उरले.

उमरखेडच्या वाट्यास या तिहींपैकी काहीच आले नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळला व अचलपूरला आगगाडी पोचली, ती प्रामुख्याने कापसासाठी. उमरखेड ब्रिटिश काळात रेल्वेपासून दूरच राहिले. शिवाय पैनगंगा ही वऱ्हाड व निजामी राज्य यांची सीमा होती. १९४८ पर्यंत नदीचा पैलतीर दुसऱ्या राजवटीत होता.

मग येथील लोकांनी उन्हाळा कसा काढला? धाब्याच्या घरांच्या जाड मातीने, खिडकीवरच्या भिजवलेल्या वाळ्याच्या ताट्यांनी, पन्ह्याने, आणि रात्री अंगणात टाकलेल्या बाजांनी. डोंगरावर जाणे ही मूठभरांची सोय होती. बाकीच्यांना गावातच सावली शोधावी लागे, आणि शेतमजुराला तर तीही दुपारच्या थोड्या वेळापुरतीच मिळे. हा भेद इतिहासजमा झालेला नाही. आजही विदर्भात पारा ४५ अंशांवर चढतो. मातीच्या धाब्यांची जागा पत्र्यांनी व सिमेंटच्या छतांनी घेतली आहे, आणि ही छपरे दिवसभर तापून रात्रीही घराला निवू देत नाहीत. उष्माघात हा आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला जातो.

म्हणून उन्हाळी हॉटेलांचा इतिहास लिहिताना ज्या गावी ती झाली नाहीत त्या गावांचाही विचार करणे अगत्याचे आहे. हॉटेलाने गारवा विकत दिला. धर्मशाळा व पाणपोई यांनी सावली आणि पाणी ही वाटसरूची गरज मानली, गावाने ती भागवावी असे धरले. मात्र त्या औदार्यालाही जातिभेदाची मर्यादा होती, हे विसरता येत नाही. ती मर्यादा वगळून त्यामागील तत्त्व स्वीकारले, तर बाजारात, बसस्थानकावर आणि शेताच्या बांधावर सर्वांना मोकळी असलेली सावली व पाणी हीच पैनगंगेकाठच्या गावाची खरी ग्रीष्मव्यवस्था ठरेल.