पुलाच्या तोंडाशी

नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीनिमित्त मी मोताळ्याला होतो. राजूर घाट उतरून बुलढाण्याकडून येणाऱ्या एसटीत मागच्या बाकावरचे नेहमीचे प्रवासी एका लहानशा पुलाआधी न चुकता दांडी धरत. नवख्याचं डोकं मात्र टपाला लागायचं. एका संध्याकाळी त्याच जागी माझ्या स्कूटरवरून सौ. पडली. मनगट मोडलं. समाचाराला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "तो पूलच खराब!"

पुढे एका निवृत्त अभियंत्यांनी माझी समजूत घातली. पूल ठणठणीत होता. खचला होता तो त्याला येऊन मिळणारा रस्ता. पुलाचा पाया खोल, खडकापर्यंत गेलेला. तो हलत नाही. रस्ता मात्र भरावावर, आणि आपल्याकडे त्याखाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यातून पुलाच्या भिंतीलगत मोठा रोलर पोचत नाही. तिथली भर पातळ थर देत लहान यंत्रानं दाबावी लागते. कामाच्या घाईत नेमकं तेच राहून जातं.

भिंतीमागे ६०० मिलिमीटर जाडीचा दगडगोट्यांचा थर आणि भिंतीत पाणी निघायला छिद्रं ठेवतात. छिद्रं बुजली की पाणी तुंबतं, माती वाहून जाते. सांध्यावर किमान साडेतीन मीटर लांबीची काँक्रीटची लादी टाकतात. पण खालची मातीच गेली तर तीही कलते.

हे खेड्यापाड्यांतच घडतं असं नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूच्या भेगांचा त्याच जूनमध्ये केवढा गवगवा झाला! त्या पुलावर नसून उलव्याकडच्या जोडरस्त्यावर आहेत, असा खुलासा एमएमआरडीएला करावा लागला.

बँकेत आम्ही हेच पाहिलं. दोन शाखांची पुस्तकं आपापल्या जागी चोख जुळलेली असत. फरक निघायचा तो दोघींमधल्या खात्यात. दर वर्षी त्या खळग्यात डांबर ओतणं म्हणजे मुद्दल तसंच ठेवून नुसतं व्याज भरणं. पावसाआधी ती छिद्रं मोकळी केली, तर निदान मुद्दलाला हात लागेल.

सौ.चं मनगट अजून पावसाळ्यात ठणकतं. गाडीत ती आता माझ्या शेजारी बसते, तरी दुरून कठडा दिसला की म्हणते, "हळू घ्या हो, पूल आला."