मोटारीचा टायमिंग पट्टा

पुण्यास तयार होणारी टाटांची इंडिका १९९८ सालीं निघाली व २०१८ सालीं बंद झाली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक इंडिका जुनीच होय. नांदूरघाटाकडील ज्या शेतकरी बंधूंजवळ तिची डिझेल गाडी असेल, त्यांनीं तिचा टायमिंग पट्टा ओळखून ठेवावा.

हा दांतेरी रबरी पट्टा क्रँकच्या गतीनें कॅमशाफ्ट फिरवितो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक. त्यामुळें व्हॉल्व ठरल्या क्षणीं उघडतात व मिटतात. पट्टा एखादा दांत सरकला, कीं गाडी उशिरा सुरू होते, ओढ कमी होते, धूर वाढतो. परंतु डिझेलच्या नळींत हवा शिरल्यासही हींच लक्षणें दिसतात. म्हणून निदान अंदाजानें करूं नये. मिस्त्रीकडून झांकण काढवून चाकांवरील खुणा जुळतात कीं नाहीं तें पाहावें. दांत झिजले, पाठीला भेगा पडल्या किंवा तेल लागलें असल्यास पट्टा बदलावाच.

तुटण्यापूर्वीं पट्टा सूचना देईलच असें नाहीं. चालती गाडी एकाएकीं बंद पडली व सेल मारतांच इंजिन नेहमींपेक्षां हलकें फिरलें, तर पुन्हां सेल मारूं नये, धक्काही देऊं नये. पिस्टन व्हॉल्वांवर आदळून ते अधिक वांकतात व हेडाचा खर्च वाढतो.

पट्टा अंतरानें तसाच वयानेंही जुना होतो. जुनी गाडी घेतांना तो बदलल्याची तारीख व किलोमीटर यांचा दाखला मागावा. दाखला नसल्यास नवा पट्टा व ताणपुली बसवूनच गाडी बीडच्या वाटेला काढावी.