हृदयाची आकारवाढ : स्वरूप, निदान आणि व्यवस्थापन
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठीत ‘मोठ्या मनाचा माणूस’ ही प्रशंसा असते. हृदय प्रत्यक्षात मोठे होणे ही मात्र धोक्याची सूचना होय. क्ष-किरण अहवालात ‘कार्डिओमेगाली’ हा शब्द दिसला की कुटुंब हादरते. किंवा रुग्ण चालता-फिरता असल्याने तो अहवाल पिशवीत तसाच पडून राहतो. दोन्ही प्रतिक्रियांमागे एकच गैरसमज आहे. आकारवाढ हा स्वतंत्र रोग मानला जातो. वस्तुतः ती एक खूण आहे. तिचे कारण शोधल्याविना उपचारांना दिशा मिळत नाही.

आकारवाढीचे स्वरूप

ही वाढ मुख्यतः दोन प्रकारची असते. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की डाव्या जवनिकेला अधिक जोर लावावा लागतो आणि तिची भिंत जाड होते. दुसऱ्या प्रकारात जवनिका फुगते व भिंत सैल पडते. पोकळी जितकी रुंद तितका भिंतीवरील ताण अधिक, आणि ताण वाढला की ती आणखी रुंदावते, असे हे दुष्टचक्र आहे. हृदयविकाराचा झटका, झडपांचे दोष, मद्यपान, थायरॉइडचे विकार, तीव्र रक्तक्षय, विषाणुसंसर्ग ही त्याची काही कारणे. बाळंतपणाच्या सुमारास उद्भवणारा प्रकारही आहे; त्यातील दम ‘अशक्तपणा’ समजून दुर्लक्षिला जाण्याचा धोका मोठा. काही घराण्यांत दोष आनुवंशिक असतो. हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातील २५ अक्षरांची त्रुटी सुमारे ४ टक्के भारतीयांत आढळते व तिचा हृदयस्नायूच्या विकारांशी संबंध आहे, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणून एका रुग्णाचे निदान झाले की भावंडांची व मुलांची तपासणी हिताची ठरते.

निदान

क्ष-किरण चित्रात हृदयाची रुंदी छातीच्या आतील रुंदीच्या निम्म्याहून अधिक भरली तर शंका घेतली जाते. तथापि झोपवून किंवा पुरता श्वास न घेता काढलेल्या चित्रात निरोगी हृदयही मोठे भासते. निर्णय ‘टूडी इको’ तपासणीवर व्हावा. तीत भिंतीची जाडी, झडपा आणि रुग्णांच्या भाषेतील ‘पंपिंग’ समजते. ‘पंपिंग ३० टक्के’ ऐकून हृदय ७० टक्के निकामी झाले, असा अर्थ काढला जातो. तो चुकीचा आहे. निरोगी हृदयही दर ठोक्याला जवनिकेतील ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकते. ३० हा आकडा गंभीर खरा, पण सुधारू शकणारा.

व्यवस्थापन

पंपिंग घटलेल्या रुग्णांत आज चार गटांतील औषधे एकत्रित दिली जातात आणि अनेकांत हृदय आकसून पूर्ववत होऊ लागते. खरी अडचण येथूनच सुरू होते. दम थांबतो, पायांची सूज उतरते आणि गोळ्या बंद होतात. लंडनमधील एका चाचणीत हृदय पूर्ववत झालेल्या ५१ रुग्णांपैकी निम्म्यांची औषधे देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आली. सहा महिन्यांत त्यांपैकी ४४ टक्के रुग्णांत विकार उलटला. औषधे चालू असलेल्या गटात त्या काळात एकही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष प्रत्येक रुग्णाच्या घरी पोहोचावयास हवा. बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे.

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात याला स्थानिक कंगोरे आहेत. तोडणी मजूर हंगामापुरते येतात. रक्तदाबाची गोळी येथे सुरू झाली तरी पट्टा पडल्यावर गावी तिचा धागा तुटू शकतो. रुग्णाजवळ औषधांची चिठ्ठी व इकोचा अहवाल असणे हा साधा उपाय आहे. कंबर-सांधेदुखीसाठी दुकानातून थेट घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. दुर्बल हृदयाला त्या घातक ठरू शकतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, खारवलेली मिरची यांतील मीठ मोजणीत धरावयास हवे. ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यातील पोटॅशियम काही हृदयौषधांसोबत धोकादायक पातळी गाठते.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे प्रत्येक तपासणीसाठी पुणे गाठण्याची निकड कमी झाली आहे. घरच्या घरी करावयाची तपासणी त्याहून सोपी : रोज सकाळी वजन पाहणे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, उताणे झोपता येईना किंवा रात्री धाप लागून उठावे लागले, तर पुढील नेमलेल्या तारखेची वाट पाहू नये.

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. दिवसभर चालताना आडोसा मिळत नाही म्हणून लघवीची गोळी टाळण्याचा मोह वारकऱ्याला होणे स्वाभाविक आहे. ती मनाने टाळण्याऐवजी तिची वेळ व मात्रा उन्हाच्या हिशेबाने निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. चालण्याची मुभा आहे की नाही, हेही त्याच भेटीत विचारावे.