न विकलेली गाडी आणि तिची सातपुड्यातली भावकी

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावात जुनी ट्रॅक्स जीप विकायला निघाली की जाणतं गिऱ्हाईक आधी बॉनेटवर हात ठेवतं. बॉनेट गार हवं. विकणाऱ्याने गिऱ्हाईक यायच्या आतच गाडी चालू करून तापवून ठेवली असेल, तर काहीतरी झाकायचं आहे असं समजावं. थकलेलं डिझेल इंजिन गार असतानाच खरं बोलतं. मग हीटर द्यायचा, सेल्फ मारायचा आणि मागे जाऊन धूर बघायचा. काळा धूर म्हणजे पंप किंवा नॉझल डिझेल जास्त सोडतंय, खर्च आवाक्यातला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही सुटत राहिला, तर हेड उघडायची तयारी ठेवायची. शेवटी चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढायचं. तिथून भपकारे येऊ लागले की मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन आहे’ एवढंच म्हणतो आणि किंमत तिथेच कोसळते.

रंग, सीट, पत्रा यांची पाळी त्यानंतर. चासीला कुठे वेल्डिंग झालंय का, मागचे पाटे बसलेत का, हे गाडीखाली शिरून पाहतात. मग कागद: आरसी, फिटनेस, परमिट, विमा, बँकेचा बोजा. नंबर प्लेटही वय सांगते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे ‘एमएच ३९’च्या ऐवजी ‘एमएच १८’ दिसलं, तर गाडी बहुधा धुळ्याहून आलेली किंवा जिल्ह्याहूनही म्हातारी.

जुन्या ट्रॅक्सच्या सौद्यात विकणारा एक वाक्य हमखास टाकतो: ‘दादा, इंजिन मर्सिडीजचं आहे.’ ऐकणाऱ्याला ती फुशारकी वाटते. पण वाक्य खरं आहे, आणि त्याच्या मागची कुळकथा सांगण्याजोगी आहे.

डाइमलर-बेंझने १९७३ साली ‘२४० डी’ या मर्सिडीज मोटारीत एक नवं डिझेल इंजिन बसवलं. कंपनीतलं त्याचं नाव ओएम ६१६. चार सिलिंडर, २,४०४ सीसी आणि ताकद जेमतेम ६५ अश्वशक्ती. वेगाच्या बाबतीत ही मोटार चेष्टेचाच विषय होती. तरी टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली, कारण ती बंद पडत नसे. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ची २४० डी, इंजिनं आलटून-पालटून बसवत, ४६ लाख किलोमीटर धावली. २००४ साली ती मर्सिडीजच्या संग्रहालयात दाखल झाली.

याच इंजिनाला पाचवा सिलिंडर जोडून १९७४ साली तीन लिटरचं ओएम ६१७ तयार झालं. इथे गोष्ट एका स्पोर्ट्स कारपाशी पोचते. १९६९च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात मर्सिडीजने ‘सी १११’ मांडली होती: जमिनीला चिकटलेली, नारिंगी, पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची. आत व्हँकेल पद्धतीचं फिरतं इंजिन होतं. श्रीमंत लोकांनी रक्कम न लिहिता सही केलेले धनादेश पाठवले. कंपनीने गाडी विकली नाही. हे प्रयोगाचं वाहन आहे, एवढंच उत्तर दिलं. पुढे तेलटंचाई आली, तेलपिऊ व्हँकेल बाजूला पडलं आणि सी १११च्या पोटात तेच टॅक्सीचं पाच सिलिंडरी डिझेल बसवलं गेलं. टर्बो लावून त्यातून १९० अश्वशक्ती काढली. जून १९७६ मध्ये इटलीच्या दक्षिणेत, नार्दोच्या वर्तुळाकार ट्रॅकवर, चार चालकांनी ती आळीपाळीने साठ तास पळवली. सरासरी वेग ताशी २५२ किलोमीटर, विक्रम सोळा. डिझेल म्हणजे बैलगाडी हा समज त्या आठवड्यात मोडला.

सी १११ कुणालाच मिळाली नाही. धडगावच्या वाटेवरच्या चांदसैली घाटात दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढणारी ट्रॅक्स आणि नार्दोची ती विक्रमवीर यांची भावकी मात्र एकच. एक घराणं, दोन वाटण्या: एकीच्या वाट्याला संग्रहालय आलं, दुसरीच्या वाट्याला सातपुडा.

जर्मनीतून हे इंजिन इकडे आलं ते पुण्याजवळच्या आकुर्डीमार्गे. अहमदनगरचे वकील आणि स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली, हँबुर्गच्या ‘व्हिडाल आणि सोन’ या टेम्पो कारखान्याशी करार करून, बजाज टेम्पो कंपनी सुरू केली. पहिलं वाहन ‘हान्सीट’, तीन चाकांची मालगाडी. त्यानंतर आली मॅटाडोर. तिकडे जर्मनीत हँबुर्गची टेम्पो हानोमागमध्ये विरघळली आणि १९७०च्या आसपास हानोमाग-हेन्शेल डाइमलर-बेंझच्या ताब्यात गेली. जुना भागीदार असा मोठ्या घरात गेला. १९८०च्या दशकात ओएम ६१६ बनवायचा परवाना पुण्याच्या या कंपनीला मिळाला, आणि त्या दशकाच्या अखेरीस त्या इंजिनावर ट्रॅक्स उभी राहिली. पुढे तिच्याच घरात तुफान आणि क्रूझर आल्या. २००५ पासून कंपनीचं नाव फोर्स मोटर्स आहे. ट्रॅक्सची बांधणी होते मध्य प्रदेशात पीथमपूरला, म्हणजे धडगावच्या उत्तरेला वाहणाऱ्या नर्मदेच्या पलीकडे.

टॅक्सीसाठी केलेलं हे इंजिन डोंगराला इतकं का मानवलं, याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे. यात डिझेल थेट मोठ्या सिलिंडरमध्ये उडत नाही. आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत फवारलं जातं, तिथे पेट घेतं आणि पेटता झोत खाली पिस्टनवर येतो. स्फोट मवाळ होतो, बेअरिंगांना दणका कमी बसतो, डिझेल थोडं गढूळ असलं तरी निभावतं. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: थोडी उष्णता कोठडीच्या भिंतीच खातात म्हणून डिझेल जास्त लागतं, आणि थंडीत हीटर दिल्याशिवाय इंजिन जागं होत नाही. तोरणमाळच्या हिवाळी पहाटे हे प्रत्येक ड्रायव्हरला कळतं. कॅमशाफ्ट फिरवायला रबरी पट्टा नाही, लोखंडी दुहेरी साखळी आहे. डिझेलचा पंप पूर्ण यांत्रिक. एकदा इंजिन चालू झालं की त्याला विजेची गरजच उरत नाही. बॅटरी मेली तरी उतारावर गाडी ढकलून गिअर टाकला की काम झालं.

त्यामुळे दुरुस्तीला पाने, हातोडा आणि अनुभवी कान पुरतात. पंप आणि नॉझलचं काम जाणणारे कारागीर खानदेशात पिढ्यान्पिढ्या आहेत; नाशिकच्या सातपूरमधल्या मायको कारखान्यात तर डिझेलच्या नॉझलच बनत. ‘इंजिन बांधलंय’ असं गॅरेजवाला म्हणतो तेव्हा स्लीव्ह, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवं घालून इंजिनाला दुसरा जन्म दिलेला असतो. एकाच गाडीला असे जन्म अनेकदा मिळतात.

या गाडीच्या वाट्याला आलेलं कामही खडतर आहे. धडगाव हे अक्राणी तालुक्याचं ठाणं. भिल्ल आणि पावरा वस्ती डोंगरभर पाड्यांत विखुरलेली, आणि एसटी पोचते तिथून पुढे बरीच गावं उरतात. आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं आणि तिथून गाडी गाठायची, हा इथला परिचित प्रवास. आंब्याच्या दिवसांनंतर टपावर आमचुराची पोती चढतात. दिवाळीत अस्तंबा डोंगराच्या यात्रेला निघालेली पोरं याच गाड्यांतून पायथा गाठतात. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघालेली कुटुंबं भांडी-गोधड्यांसकट आत बसतात. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा ढोलही प्रवासी असतो. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की गाडी शहाद्याच्या लांबच्या वळणाने फिरते.

या कौतुकाला काळी बाजूही आहे. बारा जणांच्या गाडीत वीस कोंबले आणि चार टपावर बसवले, तर ब्रेक मर्सिडीजचे असते तरी घाटाने दया केली नसती. जुलै २०२१ मध्ये तोरणमाळजवळ सिंदीदिगरच्या घाटात जीप दरीत कोसळून माणसं गेली, तेव्हा रस्ता, भार आणि वाहन या तिन्हींवर प्रश्न आले. सीटवर आराम नाही, आवाजात बोलणं ऐकू येत नाही, आणि जुन्या इंजिनाचा धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो. एप्रिल २०२० पासून बीएस ६ चा नियम लागू झाला आणि ते जुनं यांत्रिक रूप नव्या गाड्यांतून संपलं. आजची ट्रॅक्स क्रूझर २.६ लिटरच्या, संगणकाने डिझेल मोजून देणाऱ्या इंजिनावर चालते. इंजिनाचं घराणं तेच, वळण नवं. धूर कमी, ओढ जास्त. मात्र बिघाड शोधायला हातोड्याबरोबर आता स्कॅनरही लागतो.

जुन्या जर्मन गाड्यांच्या बाजारात ‘सांभाळलेली’ या शब्दाला ठरलेले निकष आहेत: मूळ रंग, मूळ सीट, चासी आणि इंजिनाचे जुळणारे नंबर, कमी किलोमीटर. धडगावात मीटरवर कमी किलोमीटर दिसले की गिऱ्हाईक हसतं. मीटरची वायर निघालेली असणार हे त्याला ठाऊक असतं. इथे सांभाळलेली गाडी म्हणजे जिचं ऑइल वेळेवर बदललं, जिचा रेडिएटर कधी कोरडा पडला नाही, जिचं इंजिन चांगल्या हाताने बांधलं गेलं आणि बांधणाऱ्याचं नाव विकणाऱ्याला सांगता येतं. मूळ भाग किती उरलेत, हे इथे कुणी विचारत नाही. सी १११ टिकली कारण ती कुणाला दिली नाही. ही टिकली कारण ती हातोहात फिरली, आणि प्रत्येक मालकाने तिच्यातून पैसे काढताना थोडे तिच्यात परत घातले.

म्हणून धडगावात ट्रॅक्स घेणाऱ्याने गाडीइतकीच गॅरेजची चौकशी करावी. डिझेल पंपाचं काम जाणणारा माणूस दिवसभराच्या अंतरात आहे का, हे आधी पाहावं. तो असेल, तर पंधरा-वीस वर्षांची गाडीही धंद्याला लावता येते. फिटनेसचा कागद मात्र दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. असा कारागीर जवळ नसेल, तर कर्ज काढून नवी घेतलेली बरी.