उल्हास नदीच्या जलपातळीच्या नोंदी : संकलन आणि अन्वय

२७ जुलै २०१९ च्या पहाटे उल्हास नदीचे पाणी बदलापूर व वांगणी यांमधील लोहमार्गावर पसरले आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील हजारांवर प्रवासी कित्येक तास अडकून पडले. त्या रात्री नदी कोणत्या वेगाने चढली, आणि वरच्या अंगाच्या कर्जतची पातळी पाहून बदलापुरास किती आधी सावध करता आले असते, हे प्रश्न अभ्यासकापुढे उभे राहतात. त्यांची उत्तरे ज्या नोंदींत शोधावयाची त्या गुप्त नाहीत. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाच्या पत्रकांतून नद्यांची पातळी, इशारा पातळी व धोका पातळी प्रसिद्ध होत असते. तथापि प्रसिद्ध झालेला आकडा आणि अभ्यासास योग्य असा आकडा यांत बरेच अंतर असते.

कर्जत रायगड जिल्ह्यात व बदलापूर ठाणे जिल्ह्यात असल्याने एकाच नदीच्या नोंदी दोन ठिकाणांहून गोळा कराव्या लागतात. पत्रक त्या दिवसाच्या कामासाठी निघते, इतिहासासाठी नव्हे. म्हणून ते रोजच्या रोज, स्थळ व वेळेसह, जसेच्या तसे उतरून ठेवावे. जेथे नोंद नाही तेथे जागा रिकामीच ठेवावी. नोंद नसणे आणि नदी स्थिर असणे या भिन्न गोष्टी होत. महापुरात मापनपट्टी पाण्याखाली जाते किंवा तिच्यापर्यंत पोचता येत नाही, त्यामुळे सर्वांत मोलाच्या नोंदीच गळण्याचा संभव अधिक असतो.

खरी अडचण आकड्यांच्या अर्थाची आहे. कर्जत येथे उल्हासची धोका पातळी ४८.७७ मीटर, बदलापूर येथे १७.५० मीटर, तर काळू नदीची टिटवाळा येथे १०३.५० मीटर धरली जाते. टिटवाळा काही समुद्रसपाटीपासून शंभर मीटर उंचीवर वसलेले नाही. तेव्हा तेथील शून्य सोयीसाठी धरलेल्या एखाद्या स्थानिक आधारबिंदूवरून घेतलेले असले पाहिजे. पातळी म्हणजे पाण्याची खोली नव्हे. ती एका ठरावीक शून्यापासूनची उंची होय. दोन स्थानकांचे शून्य एकच आहे याची खात्री नसता कर्जतच्या आकड्यातून बदलापूरचा आकडा वजा करून नदीचा उतार काढणे निरर्थक ठरते. कर्जतचा आकडा आणखी एका दृष्टीने बोलका आहे. ४८.७७ मीटर म्हणजे १६० फूट. ही मर्यादा फुटांच्या काळात ठरून पुढे मीटरमध्ये रूपांतरित झाली असावी, असा तर्क करावयास हरकत नाही. तसे असल्यास दशांशानंतरचे दोन अंक सेंटिमीटरच्या अचूकतेची ग्वाही देत नाहीत.

यावर एक उपाय आहे. मूळ आकड्यांऐवजी प्रत्येक स्थानकाच्या स्वतःच्या धोका पातळीपासूनचे अंतर आणि ताशी चढ यांचा विचार केला, तर शून्याचा प्रश्न बाजूस राहतो. कर्जत व बदलापूर येथील ताशी चढांचे आलेख एकावर एक ठेवून, एक आलेख काळाच्या अक्षावर सरकवीत नेला असता ज्या कालांतराला ते अधिकाधिक जुळतात, तो पूरलाटेच्या प्रवासाचा काळ समजावा. मात्र त्यासाठी तासागणिक नोंद हवी. दिवसातून दोन-तीन वेळा घेतलेल्या पातळीत रात्रीतून येऊन ओसरलेला उच्चांक दिसणारच नाही. शिवाय कर्जत आणि बदलापूर यांच्या दरम्यान पोशीर नदीचे पाणी उल्हासास मिळते. त्यामुळे हे कालांतर प्रत्येक पुरात सारखे येणार नाही. पाऊस मुख्य खोऱ्यात पडला की पोशीरच्या, यावर ते बदलेल.

बदलापूरच्या खाली विश्लेषण अधिक अवघड होते. जांभूळच्या परिसरात बारवीचे पाणी येऊन मिळते, व ते पावसाप्रमाणेच धरणातील विसर्गावरही अवलंबून असते. कल्याणच्या खाडीत तर समुद्राचीही गणना करावी लागते. तेथे भरती सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा येते, म्हणून रोज एकाच घटकेस घेतलेली नोंद दर दिवशी भरतीच्या निराळ्या अवस्थेत पडते आणि पंधरवड्याची खोटी लय नोंदींत उमटते. पुराच्या वेळी भरती पाण्यास अडवून धरते, त्यामुळे तीच पातळी असताना वाहून जाणारे पाणी ओहोटीच्या वेळेपेक्षा कमी असते; पातळीवरून विसर्ग काढण्याचा नेहमीचा वक्र येथे लागू पडत नाही. खाडीकाठच्या नोंदींसोबत भरतीचे वेळापत्रकही उतरून ठेवावयाचे ते याचसाठी.