मास्किंग (ठसेकाम)

मास्किंग हे ठसेकाम व कागदकामातील एक तंत्र आहे. ठसा उमटवताना किंवा रंग लावताना कागदाचा जो भाग सुरक्षित ठेवायचा असतो, तो या तंत्रात तात्पुरता झाकला जातो. झाकण्यासाठी वापरलेल्या कापलेल्या कागदास मास्क म्हणतात. एकाच पातळीवर उमटणाऱ्या ठशांतून पुढे-मागे असल्याचा आभास निर्माण करणे, हा या तंत्राचा प्रमुख उपयोग आहे.

तत्त्व

चित्रकलेत सामान्यतः मागची वस्तू आधी व पुढची नंतर रंगवतात. मास्किंगमध्ये हा क्रम उलटतो. ठशाची शाई बहुधा पारदर्शक असल्याने एकावर एक उमटवलेले ठसे परस्परांतून दिसतात. म्हणून सर्वांत पुढची आकृती प्रथम उमटवून झाकली जाते आणि मागची आकृती तिच्यावरून उमटवली जाते. मास्क उचलल्यावर मागची आकृती पुढच्या आकृतीआड गेल्यासारखी दिसते.

आकृती झाकणाऱ्या मास्कऐवजी आकृतीच्या आकाराचे छिद्र असलेला कागद वापरल्यास रंग फक्त छिद्रातून आत जातो. यास स्टेन्सिल किंवा उलटा मास्क म्हणतात.

कृती

नाशिक जिल्ह्यातील सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्यालय असून हा परिसर कांदा, डाळिंब व द्राक्षांच्या शेतीसाठी ओळखला जातो. शालेय ठसेकामात भेंडी व बटाट्याप्रमाणे कांद्याचाही ठसा वापरतात. आडव्या कापलेल्या कांद्याचा ठसा एकात एक वर्तुळांचा उमटतो. अशा ठशांची रास पुढीलप्रमाणे काढता येते:

१. कांद्याचा कापलेला भाग कापडाने टिपून त्यास रंग लावावा व पुढचा ठसा उमटवावा.
२. तोच ठसा लगेच एका पातळ कागदावरही उमटवावा. कापलेला कांदा सुकताना आक्रसतो. उशीर केल्यास मास्कचे माप चुकते.
३. पातळ कागदावरील आकृती बाह्यरेषेच्या किंचित आतून कापावी.
४. मूळ ठसा वाळल्यावर मास्क त्यावर अचूक बसवावा.
५. दुसरा ठसा मास्कच्या काठावरून उमटवून मास्क उचलावा.

सामान्य दोष

मास्क आकृतीपेक्षा मोठा झाल्यास पुढच्या आकृतीभोवती पांढरी कड राहते. फार लहान झाल्यास मागची शाई पुढच्या आकृतीत शिरते. जाड कागदाचा मास्क ठशाला काठाजवळ टेकू देत नाही, त्यामुळे तेथे छपाई तुटते. ठसा ओला असताना मास्क ठेवल्यास शाई फासली जाते.

साहित्य

मास्कसाठी पातळ कागद किंवा मागे सौम्य डिंक असलेल्या चिकटचिठ्ठ्या वापरतात. सरळ कडांसाठी मास्किंग टेप सोयीची ठरते. ही टेप रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारी रंगवणाऱ्या कारागिरांसाठी तयार केली. जलरंगात रबराच्या चिकाचा द्रव लावून भाग झाकतात व रंग वाळल्यावर तो थर बोटाने चोळून काढतात.

इतिहास व संबंधित कला

झाकून रंगवण्याचे तत्त्व अतिप्राचीन आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील एका गुहेत भिंतीवर हात ठेवून भोवती रंग फवारल्याने उमटलेली हाताची आकृती किमान ३९,९०० वर्षांपूर्वीची असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मथुरा-वृंदावनातील सांझी कलेत कातरलेल्या कागदांतून रंगीत भुकटी टाकून चित्रे साकारतात. महाराष्ट्रात रांगोळीचे छिद्रयुक्त साचे प्रचलित आहेत. कागदावर पान ठेवून दात घासण्याच्या ब्रशने भोवती रंग उडवण्याचा शालेय उपक्रमही मास्किंगचाच प्रकार आहे. बाटिकमध्ये कागदाऐवजी मेणाचा थर कापडाचा भाग झाकतो.