कोणती जनुकं मोजायची?

1998 पर्यंत एकाच जातीच्या जिवाणूंमधले उपप्रकार ओळखायचे, तर बहुतेक प्रयोगशाळा जेलवर उमटलेल्या पट्ट्या बघत. इथल्या पट्ट्या तिथल्या पट्ट्यांशी जुळवताना हमखास वाद व्हायचे. त्या वर्षी मार्टिन मेडन, ब्रायन स्प्रॅट, मार्क आख्टमन आणि सहकाऱ्यांनी मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जिवाणूचे 107 नमुने घेऊन वेगळाच मार्ग दाखवला. पेशीचा रोजचा गाडा चालवणारी काही जनुकं निवडायची आणि प्रत्येकाचा साधारण 470 अक्षरांचा तुकडा वाचायचा. नवा क्रम दिसला की त्याला पुढचा क्रमांक द्यायचा, मग फरक एका अक्षराचा का असेना. पुढे या जिवाणूसाठी सात जनुकं कायम झाली. सात क्रमांकांची जुळणी म्हणजे एक ‘सीक्वेन्स टाइप’, एसटी. क्रमांक सापडण्याच्या ओघात पडतात, म्हणून एसटी 10 आणि एसटी 11 शेजारी दिसले तरी त्यांचं नातं असेलच असं नाही. पण आकडा निरोपातून कुठेही धाडता येतो आणि वाटेत बदलत नाही. पट्ट्यांचं तसं नव्हतं.

हे आकडे सांभाळायला ऑक्सफर्डच्या कीथ जॉली यांनी आणि सहकाऱ्यांनी 2004 साली ‘एमएलएसटीडीबीनेट’ हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. ते मोजक्या जनुकांपुरतं ठीक होतं. जिवाणूचा अख्खा जनुकसंच वाचणं स्वस्त होऊ लागलं, तसं ते अपुरं पडलं.

2010 मध्ये जॉली आणि मेडन यांनी ‘बिग्सडीबी’ आणलं. पर्ल भाषेत लिहिलेलं, पोस्टग्रेस डेटाबेसवर चालणारं, जीपीएल परवान्याखाली कुणालाही खुलं. त्यातली खरी हुशारी मला एकाच निर्णयात दिसते: कोणती जनुकं मोजायची हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. ते संशोधकानं डेटाबेसमध्ये नोंदवायचं. जनुकक्रम जसा आला तसा ठेवायचा, त्यावर हवे तितके आराखडे, म्हणजे मोजायच्या जनुकांच्या याद्या, रचायचे, एकच जनुक दोन-तीन आराखड्यांत घ्यायलाही हरकत नाही. त्यामुळे 2012 साली रायबोसोमच्या 53 जनुकांचा आराखडा आला, 2014 मध्ये मेनिंगोकॉकससाठी 1,605 जनुकांचा, आणि सॉफ्टवेअर मुळापासून बदलावं लागलं नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेनंही लिस्टेरिया आणि क्लेब्सिएला या जिवाणूंसाठी तेच आपल्या सर्व्हरवर बसवलं.

जनुकं आपापली निवडण्याच्या मोकळीकीची किंमतही मोजावी लागते. ई. कोलायसाठी दोन आराखडे रूढ झाले, एक आख्टमन यांचा, दुसरा पाश्चरचा. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी कुप्रसिद्ध असलेला आख्टमन आराखड्यातला एसटी 131 पाश्चरच्या आराखड्यात एसटी 43 होतो. अॅसिनेटोबॅक्टरचेही असेच ऑक्सफर्ड आणि पाश्चर असे दोन आराखडे आहेत. त्यातल्या ऑक्सफर्ड आराखड्याचं एक जनुक काही नमुन्यांत दोनदा सापडतं, मग क्रमांक कोणत्या प्रतीचा धरायचा? शोधनिबंधात आराखड्याचं नाव न देता नुसता एसटी छापणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. सॉफ्टवेअर इथे तंटा सोडवत नाही, आणि सोडवूही नये. ते काम क्युरेटरचं. नवा क्रम खरा की यंत्राच्या वाचनातली चूक, हे तपासून क्रमांक देणारी ही माणसं शोधनिबंधांच्या आभारांत उरकली जातात.

आता प्रश्न नावं टिकवण्याचा आहे. क्लेब्सिएलाचे एसटी 147 आणि एसटी 231 भारतातल्या रुग्णालयांच्या अभ्यासांत वारंवार भेटतात. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची ही नावं डॉक्टरांच्या तोंडी बसली आहेत. सात जनुकांऐवजी शेकडो मोजायला लागल्यावर ती मोडीत काढायची का? 2022 मध्ये पाश्चरच्या गटानं क्लेब्सिएलासाठी 629 जनुकांवर बेतलेला अनेक पायऱ्यांचा संकेतांक मांडला. त्यात आकड्याची सुरुवात जितकी लांबपर्यंत सारखी, तितकं नातं जवळचं. नव्या गटांना नावं देताना मात्र जिथे जमलं तिथे त्यांनी जुन्या एसटीचाच क्रमांक पुढे चालवला.